पडायला शिकवणारे घाटगे काका

सायकलच्या पहिल्या धड्याला घाटगे काकांनी मला सायकलला हातही लावू दिला नाही. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला गावाबाहेरच्या मैदानावर उभं केलं, डोक्यावर हेल्मेट बसवलं, त्याचा पट्टा आवंढा गिळता येणार नाही इतका आवळला आणि म्हणाले, "हं. आता पड."

मला थट्टाच वाटली. "पड म्हणजे?"

"पड म्हणजे पड. चालायला लागल्यापासनं पडतेसच की. फक्त बरोबर पडत नाहीस. हे बघ." आणि साठी ओलांडलेल्या, इस्त्रीची पँट घातलेल्या त्या माणसाने उजव्या खांद्यावर स्वतःला गवतात झोकून दिलं, एक कोलांटी घेतली आणि उठून पँट झटकली. "हात पुढं टाकायचा नाही. माणूस घाबरला की हात पुढं टाकतो आणि मनगट मोडून घेतो. गोळा व्हायचं. हनुवटी छातीला, कोपरं आत, आणि खांद्यावर लोळायचं. चल."

मी वीसेक वेळा पडले. पंधराव्या वेळी हात पुढे गेला नाही, तेव्हा त्यांनी खिशातून राजगिऱ्याची वडी काढून दिली. अठ्ठाविसाव्या वर्षी पडल्याबद्दल बक्षीस मिळवणारी मी एकटीच असेन.

स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाचं नाव आहे. माझ्या आईला ते अजून पटलेलं नाही. ती नागपुरात सगळ्यांना सांगते की शर्वरी तिकडे कॉलेजातच राहते. तसं ते खोटंही नव्हतं. सकाळी बसने लॅबमध्ये, संध्याकाळी बसने अपार्टमेंटवर, एवढंच माझं जग होतं. दोन रूममेट होत्या. त्यातली एक इंटर्नशिपसाठी कॅलिफोर्नियाला गेली ती तिकडचीच झाली, दुसरी लग्न झाल्यावर नवऱ्याच्या गावी गेली. शुक्रवारी लॅबमध्ये 'हॅव अ गुड वीकेंड' म्हणून निघाले की सोमवारी सकाळपर्यंत समोरच्या माणसाशी बोलायची वेळच येत नसे. घरी व्हिडिओ कॉल व्हायचा, पण त्यात जेवले, थंडी आहे, सगळं ठीक, याच्या पलीकडे मी काही सांगत नव्हते. सांगून काय, उगाच तिकडे काळजी.

घाटगे काका विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये होते. संशोधन करणाऱ्यांना लागणारे बारीकसारीक धातूचे भाग ते लेथवर बनवून द्यायचे. मी भट्टीत नमुना धरायचा एक चिमटा बनवून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी माझं ड्रॉइंग लांब धरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाले, "दोन मापं राहिली तुझी. इंजिनिअर झालीस वाटतं?" मी हसले. पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले असेन, कारण माझाच आवाज मला मोठा वाटला.

ते मूळचे कोल्हापूरचे. तिथे एका फाउंड्रीत फोरमन होते. काकूंना इथे रसायनशास्त्रात संशोधनाची नोकरी लागली म्हणून ते मागून आले. "सगळी येतात ती नवऱ्याच्या मागनं. मी बायकोच्या मागनं आलो. नाद करायचा नाही," हे ते फार अभिमानाने सांगत. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा अमोल टेक्सासला. बंगलीवजा छोटं घर, मागे गॅरेज, आणि गॅरेजमध्ये खुंटीला टांगलेल्या तीन सायकली.

माझी सायकल त्यांनी वर्कशॉपच्या दारात पाहिली. शिकून परत निघालेल्या एका मुलाकडून मी ती घेतली होती. जाड टायर आहेत, म्हणजे भक्कम असेल, एवढाच विचार करून. काका तिच्याभोवती एक फेरी मारून आले. "हिच्यावरनं तू बसस्टॉपला जातेस?" म्हणाले. "ही डोंगरातली सायकल आहे गं. रेसच्या घोड्याला पाणी भरायला लावलंस की."

डोंगरातली सायकल त्यांनी स्वतः वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, काकू गेल्यावर सुरू केली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. ते चाललेही दोन महिने. पण एकटा म्हातारा जंगलात चालताना दिसला की समोरून येणारा प्रत्येक जण थांबून ठीक आहात ना म्हणून विचारायचा. "ह्यांना काय सांगायचं, ठीक आहे का नाही ते? सायकलवरच्या माणसाला कोणी विचारत नाही. तो मजेतच असणार असं धरून चालतात," असं ते म्हणाले आणि टायरमधली हवा बोटाने दाबून बघू लागले. मी तेव्हा नुसती हूं म्हणाले. 

आमचे रविवार ठरून गेले. पडून झाल्यावर मग सायकल मिळाली, तीही आधी गवतावर. सीटवरून उठायचं, गुडघे सैल, कोपरं बाहेर, दोन्ही पेडल तराजूच्या पारड्यांसारखी सारखी. ब्रेकवर एकच बोट. "पाच बोटांनी ब्रेक धरायला ती काय म्हशीची दोरी आहे? एक बोट बास. आणि वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही." महिनाभराने जंगलातली पायवाट आली. तीसुद्धा आधी चालत. कुठलीही नवी वाट ते पहिल्यांदा पायी तुडवायला लावत, आणि वाटेतल्या प्रत्येक अवघड दगडापाशी थांबवून, इथून चाक कसं काढशील, असं तोंडी परीक्षेसारखं विचारत. पेनसिल्व्हेनियाच्या ह्या भागात दगड फार. खडी सांडून ठेवल्यासारखी वाट असते, वरून ओली पानं. शिकारीचे दिवस आले की शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून ते आपल्याबरोबर माझ्यासाठीही नारिंगी जाकीट आणत, आणि परत आल्यावर गाडीपाशी उभं राहून घोट्यांना गोचीड चिकटली आहे का ते तपासून घ्यायला लावत. मग स्टीलच्या डब्यातले गार पोहे.

एका दगडावर मी हटकून पडायची. वाटेच्या डाव्या अंगाला पाटाएवढा एक दगड होता. बाकी वाट मोकळी, पण माझं चाक नेमकं त्याच्यावर. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "तू बघतेस कुठं?"

"दगडाकडे. चुकवायला नको का?"

"म्हणून तर जातेस. डोळं जातील तिकडं सायकल जाती. दगड आहे हे एकदा कळलं ना? आता त्याला सोड. जायचंय तिकडं बघ." चौथ्या वेळी मी वाटेकडे पाहिलं आणि दगड कधी मागे गेला ते कळलंही नाही.

काका रागावले ते एकदाच. पुढच्या एप्रिलमध्ये मी अतिशहाणपणा करून एका दुपारी एकटीच डोंगराच्या माथ्यावरच्या वाटेला गेले. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? सहा-सात किलोमीटर आत गेल्यावर चेन तुटली. फोनला रेंज होती. काकांचं नावही उघडलं. मग आठवलं की शनिवारची दुपार आहे, ते जेवून पडले असतील. कशाला झोपमोड, म्हणून सायकल ढकलत निघाले. दोनदा वाट चुकले. पार्किंगला पोचले तेव्हा अंधारून आलं होतं, बोटं गारठली होती आणि मी रडत होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, हा किस्सा मी रंगवून, हसत हसत सांगितला.

काका हसले नाहीत. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. "माझी झोप काय सोन्याची आहे काय?"

"तसं नाही काका, उगाच तुम्हाला त्रास..."

"त्रास! भीड भिकेची बहीण, ऐकलंयस का? जंगलात भीड धरलीस तर मरशील. पाय मोडून पडली असतीस तर? सोमवारी लॅबमध्ये आली नाही म्हणून कोणाच्या ध्यानात आलं असतं?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. सोमवारी नसतंच आलं. बुधवारी ग्रुप मीटिंग असायची, तेव्हा कदाचित. हे मी बोलले नाही, पण त्यांना ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. त्या दिवसापासून त्यांनी नियम घातला. मी असो वा ते, कोणीही एकटं निघालं की दुसऱ्याला मेसेज करायचा. कुठली वाट, किती वाजता परत. परत आल्यावर पुन्हा मेसेज. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात आला नाही तर दुसऱ्याने फोन करायचा, फोन लागला नाही तर शोधायला माणसं पाठवायची. "ह्यात लाजायचं काय न्हाई," ते दोनदा म्हणाले.

दीड वर्ष तो नियम चालला. आठवड्यातनं दोनदा, कधी तीनदा त्यांचा मेसेज यायचा. 'तलावाची वाट. ५:३०.' आणि मग 'आलो.' एवढंच. मी लॅबमध्ये असले तरी साडेपाचला आपोआप फोनकडे बघायची. माझ्या 'आले'ला ते अंगठा पाठवायचे. कोणाला वाटेल, यात काय मोठंसं. मला मात्र तेव्हा ह्या देशात मी घरी परतले की नाही हे माहीत असणारा एक माणूस होता, आणि ते किती मोठं होतं हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

ऑक्टोबरात माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. एका शुक्रवारी, दुपारी अडीच ते साडेचार. आदल्या रविवारी काकांनी मला माझ्याच संशोधनावर प्रश्न विचारले, उत्तरं अर्थातच त्यांना कळली नाहीत, पण "आवाज थरथरत न्हाई तुझा, पास होशील," असा निकाल दिला. पास झालेही. प्राध्यापकांनी हात मिळवले, कोणीतरी डोनट आणले होते ते खाल्ले, आणि पाच वाजता मी अपार्टमेंटवर पलंगाच्या कडेला बसले होते. नागपुरात सगळे झोपलेले. फोन हातात घेऊन मी काकांचं नाव काढलं. मग मनात आलं, शुक्रवारी संध्याकाळी त्यांना अमोलचा फोन येतो. बापलेक बोलत असतील, मध्ये कशाला कडमडायचं. उद्या वर्कशॉप बंद, आणि ह्या रविवारी जंगल नाही, विश्रांती घे, असं काकांनीच बजावलेलं, तर सोमवारी पेढे घेऊनच जाऊ. मी फोन ठेवला आणि मॅगी केली.

सोमवारी पेढे घेऊन गेले तर लेथ बंद. त्यांच्याबरोबर काम करणारा डेव्ह म्हणाला, तुला माहीत नाही? ही इज इन द हॉस्पिटल. शुक्रवारी जंगलात पडला. खुब्याचं हाड.

मी पोचले तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. इस्त्री नसलेल्या कपड्यांत मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. मला बघून म्हणाले, "काय, झालीस ना पास?"

"काका, काय झालं? कधी?"

"तलावाच्या वाटेवर. तीन वाजले असतील. पुढचं चाक अडकलं. पडलो मात्र बरोबर गं. हात पुढं टाकला न्हाई. खालीच दगड होता, त्याला काय करणार."

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईला ते सहा वाजता सापडले. म्हणजे तीन तास ते ओल्या पानांत पडून होते.

"फोन पडला होता का?"

"खिशात होता की."

"रेंज नव्हती?"

"होती. दोन दांड्या."

"मग?" माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने पडद्याआडून पाहिलं.

"तुझी परीक्षा होती."

"साडेचारला संपली!"

"हां, पण मग मैत्रिणींबरोबर असशील म्हटलं. आनंदाचा दिवस. म्हणून तर निघतानाही मेसेज केला नव्हता. साडेपाचला तू बघत बसणार."

"आणि ॲम्ब्युलन्स?"

"अगं, जंगलात गाडी येत न्हाई. चार माणसं स्ट्रेचर घेऊन चालत येणार, एवढ्यासाठी? म्हटलं, जरा बघू, उठता येतंय का."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोठ्या माणसाशी असं बोलायचं नसतं. भीड भिकेची बहीण कोण म्हणालं होतं, नियम कोणी घातला होता, सगळं काढलं. मैत्रिणी कुठल्या, मी तेव्हा चार मैलांवर एकटी मॅगी खात बसले होते, तुम्हालाच फोन करायचा होता, हेही बोलून टाकलं. आणि मग रडायला लागले. तुम्हाला सांगते, त्या तीन तासांतला माझा दीड तास मला अजून सुटत नाही. एकीकडे ते फोन खिशात घेऊन पडलेले, एकीकडे मी फोन हातात घेऊन बसलेली, आणि दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प.

काकांनी मला रडू दिलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "ती आजारी होती ना, तुझी काकू. पहिल्या महिन्यात डबे ठेवायला फ्रीजमध्ये जागा नव्हती. सगळी आली गं. चांगली माणसं. दुसऱ्या महिन्यातही आली. आठव्या महिन्यात मी फोन केला की उचलायच्या आधी जरा जास्त वेळ रिंग वाजायची. त्यांचं काय चुकलं? त्यांनाही घरदार आहे. तवापासनं मी ठरवलं, हाक जपून मारायची. खरंच लागेल त्या दिवसासाठी ठेवायची."

"आणि शुक्रवारी लागली नव्हती?"

त्यांनी पेढ्यांच्या डब्याकडे हात केला.

अमोल दुसऱ्या दिवशी आला. मनात मी त्याला नावं ठेवून ठेवली होती, पण माणूस भला निघाला. वडिलांच्या चपला हातात घेऊन तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता. "आय कान्ट लीव्ह हिम हिअर अलोन. बाबा विल हेट इट, आय नो," म्हणाला. महिनाभरात घर रिकामं झालं. काकांनी दोन सायकली विकल्या, तिसरी मला दिली. विमानतळावर जाताना ते व्हीलचेअरवर होते. मी पाया पडले तर म्हणाले, "गार हवा सुटली की टायरमधी हवा कमी होती. बघत जा." 

टेक्सासहून ते रविवारी फोन करायचे; मी अजून त्याच लॅबमध्ये कामाला होते. "इथं सगळं सपाट आहे गं. सून चांगली आहे. नात इंग्रजीत बोलती, मी मराठीत बोलतो, दोघांचं बरं चाललंय." मी एकटी जंगलात जाते का, हे दर वेळी विचारायचे. मी नाही म्हणायची. खरंच जात नव्हते, मेसेज करायचा कोणाला? "मला कर की," ते म्हणाले एकदा, "मी बघीन घड्याळ." मी बरं म्हटलं आणि केला मात्र कधीच नाही. दीड हजार मैलांवरच्या, वॉकर धरून चालणाऱ्या माणसाला कशाला घोर लावायचा.

फेब्रुवारीत अमोलचा फोन आला. भर दुपारी. काका खालच्या मजल्यावर कपडे धुवायच्या खोलीत गेले होते. तिथे छातीत दुखायला लागलं असावं. मशीनला टेकून खाली बसलेले सापडले. अमोल वरच्या खोलीत घरूनच काम करत होता. सून ऑफिसला, नात शाळेत. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास तरी झाला असेल.

"आय वॉज राइट अपस्टेअर्स, शर्वरी," तो म्हणत होता. "चौदा पायऱ्या आहेत. दार फक्त लोटलेलं होतं. ही कुड हॅव जस्ट येल्ड. हाक का नाही मारली त्यांनी? तुला काही बोलले होते का कधी?"

"तू मीटिंगमध्ये होतास का?" मी विचारलं.

 "येस," तो म्हणाला. "सकाळी मीच सांगितलं होतं त्यांना, मोठी मीटिंग आहे म्हणून." मग तो लहान मुलासारखा रडला.  मी फोन तसाच धरून ठेवला आणि तो थांबेपर्यंत बसून राहिले.

एप्रिलच्या अखेरीस बर्फ पुरतं गेल्यावर मी सायकल काढली. वाट सोपी होती, मी शंभरदा केलेली. तरी एका उतारावर मागचं चाक ओल्या मुळावरून घसरलं आणि मी पडले. नीट पडले. खांद्यावर लोळले, बसती झाले, हातपाय हलवून पाहिले. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. सायकलही धड होती. समोर, वळणाच्या अलीकडे, एक पिकल्या केसांची बाई सायकलवरून चालली होती. तिने मला पाहिलं नव्हतं. अजून दहा सेकंदांत ती झाडांआड गेली असती, आणि मी उठून, पानं झटकून, घरी जाऊन कोणाला काही सांगितलं नसतं. मला गरज नव्हती. खरंच नव्हती.

"एक्सक्यूज मी!" मी ओरडले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा ओरडले. "हॅलो! कॅन यू हेल्प मी?"

ती थांबली. सायकल वळवून घाईघाईने परत आली, माझ्या गुडघ्याकडे बघत उतरली. "आर यू हर्ट?"

"नॉट रिअली," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसावंसं मला वाटलं नाही. "पण थोडा वेळ थांबाल का माझ्याजवळ?" हे मी मराठीत बोलले की इंग्रजीत, मला आठवत नाही. तिने सायकल झाडाला टेकवली, हेल्मेट काढलं आणि माझ्या शेजारी ओल्या पानांवर बसली.